चौगुल्यांचा काळा गूळ

सिंगापुरातल्या आमच्या ऑफिसखालच्या कॉफीशॉपमधला अंकल गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवत नाही, त्यांची कोपी, म्हणजे कॉफी, लक्षात ठेवतो. मी त्याच्या लेखी दुधाची ‘कोपी-सी’. आमचे बॉस मिस्टर लिम बिनदुधाची ‘कोपी-ओ’. आणि चौगुले ‘ओन शुगर’. कारण चौगुले रोज बिनसाखरेची काळी कोपी मागायचे, टेबलाशी येऊन बसायचे, शर्टाच्या खिशातून एक चपटी स्टीलची डबी काढायचे आणि तिच्यातला गुळाचा खडा कपात सोडायचे. मग चमचा फिरवता फिरवता डबी समोरच्याकडे सरकवायचे. “घ्या की.” समोरचा चिनी असो, मलय असो, नाहीतर नुकताच मुंबईहून आलेला एखादा ताठ बँकवाला असो, गूळ घेतल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

चौगुले कोल्हापूरला परत गेले त्याला आता वर्ष होईल. अंकल अजून मला विचारतो, “ओन शुगर नो कम आह?” मी मान हलवते आणि कप घेऊन निघते. खरं सांगायचं तर मला चौगुल्यांचा अजून राग येतो. हे लिहायला बसले तीही त्याच रागात. राग नेमका त्यांचाच, की मिस्टर लिमचा, की दत्तूमामांचा, की माझा स्वतःचा, ते लिहून झाल्यावर बघू.

आमची कंपनी म्हणजे उबीतल्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरची बारा माणसं. भारत, थायलंड, व्हिएतनाम, जिथून मिळेल तिथून खाण्याचा सुका माल आणायचा आणि इथल्या दुकानांना पुरवायचा, हा धंदा. मी आयातीच्या परमिटचे कागद करते. चौगुले भारतातून येणारा माल बघायचे. बी. एस्सी. ॲग्री, पन्नाशीचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. टॅम्पिनीसला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचे. बायको आणि मुलगा कोल्हापुरात. दहा वर्षं सिंगापुरात काढूनही त्यांच्या मराठीला इथला वारा लागला नव्हता. मी पुण्याची, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या बोलण्यावर मनातल्या मनात हसायचे. त्यांना ते कळायचं आणि ते मुद्दाम आणखी ठसक्यात बोलायचे.

त्यांचा एक नियम होता: सही करायच्या आधी चाखायचं. पोह्याचं पोतं असो, हळदीचं असो, चिंचेचं असो. लॅबचा रिपोर्ट हातात असला तरी हे गृहस्थ गोदामात जाणार, सेफ्टी शूज घालून पोत्यासमोर उभे राहणार, पोत्याला हात लावून तो कपाळाला लावणार, आणि चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटणार. मग कागदावर सही. तोवर गोदामातली पोरं फोर्कलिफ्ट बंद करून थांबायची. मला या प्रकाराचा भयंकर वैताग यायचा, कारण त्यांची सही झाल्याशिवाय माझं काम पुढे सरकायचं नाही.

“चौगुले, रिपोर्ट आहे ना. पास आहे. कशाला चाखताय?”

“मॅडम, रिपोर्ट लॅबवाल्यानं दिलाय. सही माझी हाय.”

मी घड्याळाकडे बघत बसायचे.

मिस्टर लिमना मात्र त्यांचं हे फार आवडायचं. लिम साठीचे, इथंच जन्मलेले, वडिलांची तांदळाची वखार होती. नव्या माणसाला ते एकच धडा द्यायचे. आपल्या देशात शेत नाही, असं म्हणून ते खिडकीकडे बोट करायचे. बाहेर दुसरी इंडस्ट्रियल बिल्डिंग. शेत नाही म्हणून सगळं बाहेरून आणायचं, आणि सगळं बाहेरून आणायचं म्हणून कागदावर विश्वास ठेवायचा, आणि एका दुकानदाराच्या भरवशावर कधी राहायचं नाही. एकानं दार लावलं की दुसरं दार तयार पाहिजे. “स्मॉल कंट्री, मस्ट बी केअरफुल लाह.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझी अकरा वर्षांची लेक इरासुद्धा घरात जेवताना त्याची नक्कल करते.

आणि दार लागायचंच. एकदा तांदळाच्या एका जातीची निर्यात दिल्लीनं रातोरात थांबवली. आमचा माल बंदरात उभा. दिल्लीच्या दृष्टीनं बरोबरच असेल. एवढ्या माणसांचा देश, आधी घरच्यांचं बघायचं. पण आठवडाभर मुंबईच्या एजंटला फोन करून माझं डोकं उठलं. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, “होऊन जाईल मॅडम.” कधी होईल? “होऊन जाईल ना.” मी चिडून फोन चौगुल्यांकडे दिला की ते आधी त्याच्या पोराच्या दहावीची चौकशी करायचे. तेव्हा लिमनी शांतपणे व्हिएतनामचा तांदूळ मागवला आणि विषय मिटवला. चौगुले त्या दिवशी कोपी ढवळत मला म्हणाले, “दिल्लीवाल्यास्नी आपली गरज न्हाई. हितला अख्खा देश म्हंजे त्यांच्या एका तालुक्याएवढं गिऱ्हाईक. आणि लिमसायबास्नी त्यांची गरज न्हाई, हे दुसरीकडनं आणत्यात. मधी आपण दोघं उगंच फोन करालोय.”

हे त्यांनी हसत सांगितलं. पण त्यांना दोन्ही देशांची गरज होती. आणि ती गरज होती गुळापायी.

पन्हाळ्याच्या बाजूला माळवाडी म्हणून त्यांचं गाव. तिथं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, गुऱ्हाळ. आक्का विधवा, साठीच्या पुढच्या, आणि चौगुल्यांच्या भाषेत ‘लई कडक’. आता कोल्हापुरी गूळ म्हटला की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर पिवळाधमक गूळ येतो. तो रंग उसाचा नसतो. काहिलीत रस उकळताना पांढरी पावडर टाकतात, हायड्रॉस म्हणतात तिला. तिनं गूळ उजळतो, बाजारात उठून दिसतो, व्यापारी खूश. पावडर न टाकता, नुसत्या भेंडीच्या पाण्यानं मळी काढून केलेला गूळ तपकिरी होतो, कधी चांगला काळपट. खायला तोच सरस. पण बाजारात त्याला कुणी हात लावत नाही.

आजूबाजूची सगळी गुऱ्हाळं पावडरवर गेली होती. आक्काही जायच्या बेतात होत्या. नाहीतर ऊस सरळ कारखान्याला घालायचा आणि चुलवाण कायमचं विझवायचं. तेव्हा चौगुल्यांनी सिंगापूरहून फोन करून बहिणीला शब्द दिला: तू काळाच काढ, मी इथं खपवतो. इथल्या सरकारला पावडरवाला गूळ चालतच नाही. ठरलेल्या प्रमाणाबाहेर पावडर निघाली की माल बाद. म्हणजे जो गूळ तिकडे कुणी घेत नाही, तोच इथं कायद्यानं पाहिजे. दोन देशांच्या मधोमध त्यांना आपल्या बहिणीपुरती एक जागा सापडली होती. खोक्यावर गावाचं नाव छापायचं, ‘माळवाडीचा गूळ’, एवढी एकच त्यांची हौस.

लिमना तयार करायला त्यांना दोन वर्षं लागली. मीटिंगरूममध्ये ते सगळ्यांसमोर एकेक ग्लास पाणी आणि बशीत गुळाचा खडा ठेवायचे. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी गूळपाणी देतात, मग कामाचं बोलतात, असं इंग्रजीतून समजावायचे. आमच्या मीटिंगरूममध्ये एसी इतका असतो की मी शाल घेऊन बसते. तरीही सगळे खायचे. लिम चघळत म्हणाले, “सेम लाइक गुला मलाका.” गुला मलाका म्हणजे इथली माडाची साखर, मिठायांत घालतात ती. चौगुले नम्रपणे म्हणाले, “लिटल बिट सेम, सर.” आणि मला मराठीतून म्हणाले, “काय बी म्हणू दे, होकार दिला म्हंजे झालं.”

पहिला कंटेनर आला. लॅबनं नमुने घेतले, कसून तपासले, निर्मळ निघाले. चौगुले गोदामात एकेका खोक्यावरनं हात फिरवत होते. मला म्हणाले, “मॅडम, फोटो काढा की एक. आक्काला धाडतो.” मी फोटो काढला. त्यात ते खोक्यांशेजारी अगदी लग्नातल्या वरबापासारखे उभे आहेत.

आणि मग तो गूळ विकला गेला नाही.

सेरंगूनला आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सेल्वम म्हणून, मोठं दुकान आहे. त्यांनी खोकं उघडलं आणि विचारलं, हा जुना स्टॉक आहे का? चौगुल्यांनी सगळं समजावलं. सेल्वम म्हणाले, “ब्रदर, मला पटलं. पण तुझ्या बायकांना पटव.” ‘तुझ्या बायका’ म्हणजे आम्ही, इथल्या मराठी बायका. संक्रांतीला आमच्या मराठी लोकांचा कार्यक्रम होता, तिथं चौगुल्यांनी टेबल मांडलं. मी मदतीला उभी होते. एकीनं खडा उचलून उजेडात धरला. “हा कोल्हापुरी नाही हो. कोल्हापुरी कसा सोन्यासारखा असतो.” दुसरी म्हणाली, “तिळगूळ अगदी काळा दिसेल.” तिसरी त्यांना शिकवायला लागली की अस्सल गूळ ओळखायचा कसा. चौगुले हात बांधून, मान हलवत, शिकत होते. माझा इतका तिळपापड झाला की मी तिथून उठून पाणी प्यायला गेले. यांच्या घरी दर महिन्याला ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या कसल्या कसल्या बिया येतात, आणि समोर आलेला खरा गूळ काळा म्हणून नको.

पण मला बोलायला तोंड कुठं आहे? त्याच महिन्यात मी चौगुल्यांना सेंगकांगला घरी पुरणपोळीला बोलावलं. ते स्वयंपाकघरात पाणी घ्यायला आले आणि मी नेमकं गुळाचं कपाट उघडलं. आत पुण्याहून आईनं दिलेली अर्धी ढेप. पिवळीधमक. आणि तिच्यामागे त्यांनीच मला भेट दिलेलं माळवाडीचं खोकं, न फोडलेलं. मी कपाट लावलं, पण उशीर झाला होता. माझी इरा शेजारीच उभी. तिला ते खोकं दिसलं आणि ती म्हणाली, “मम्मा, दॅट वन यू सेड टू डार्क लाह.” चौगुल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी मम्मा पुण्याची हाय. त्यांस्नी सगळं उजळ लागतं.” मग टेबलाशी येऊन त्यांनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, पुरणाला नावाजलं आणि त्या गुळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. त्या रविवारी मी काळ्या गुळाचं पुरण केलं. ते चांगलं झालं, आणि त्यानं मला आणखीच राग आला.

हळूहळू थोडा थोडा गूळ खपला. काही मलय बायका मिठाईसाठी न्यायला लागल्या. एका तमिळ डॉक्टरांनी शेजारपाजाऱ्यांना सांगितलं. लिम म्हणाले, अजून एक कंटेनर. हा उचलला गेला तर दरवर्षी आणू. नाही उचलला तर थायलंडची माडाची साखर घेऊ, त्यांचे कागद लवकर होतात. आणि चौगुल्यांच्या पासचं, म्हणजे इथं नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरण तोंडावर आलं होतं. तांदूळ व्हिएतनामला गेलेला, हळदही दुसरीकडून येत होती. गूळ नसेल तर भारताचा माल बघायला वेगळा माणूस कशाला ठेवायचा, हे लिमनी तोंडानं सांगितलं नाही, पण ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. चौगुल्यांनाही. त्यांनी आक्काला एवढंच कळवलं की अजून एक खेप नीट काढ, मग काळजी नाही.

आक्कांनी नमुना काढला, तिकडच्या लॅबनं तो पास केला. नमुन्यासारखाच सगळा माल आहे, या कागदावर चौगुल्यांनी सही केली. त्यांच्या नियमाप्रमाणे कुरिअरनं आलेला खडा चाखूनच केली. मग आक्कांच्या लेकीचे दिवस भरत आले आणि आक्का तिच्या बाळंतपणाला सांगलीला गेल्या. गुऱ्हाळ दत्तूमामांवर सोपवून गेल्या. दत्तूमामा म्हणजे त्यांचे गुळव्या. रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. चाळीस वर्षं त्याच काहिलीवर. चौगुल्यांना त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं.

कंटेनर आला तो एका सोमवारी. या वेळी आमचा माल तपासणीसाठी निवडलाच गेला नाही. पहिला कंटेनर स्वच्छ निघाला होता, कागद चोख होते. म्हणजे माल सरळ गोदामात आणि गोदामातून दुकानात. मी खोक्यांवरचं लेबल बघायला चौगुल्यांबरोबर तुआसच्या गोदामात गेले होते. पोरानं पहिलं खोकं फोडलं आणि मीच म्हणाले, “अय्या, किती सुंदर.”

गूळ पिवळा होता. सोन्यासारखा, त्या बाईनं म्हटलं होतं ना, अगदी तसा.

मला इतका आनंद झाला की मी तिथंच फोटो काढून सेल्वमना पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन. “मॅडम, धिस वन कॅन सेल! सगळाच पाठवा. आधीच का नाही आणला?” मी चौगुल्यांकडे वळून सांगणार, तर ते खडा तोंडात धरून डोळे मिटून उभे. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग त्यांनी तो हातरुमालात थुंकला. मी त्यांना कधी काही थुंकताना पाहिलं नव्हतं.

“खारट लागालाय,” ते म्हणाले. “कडंनं.”

त्यांनी तिथूनच गावाला फोन लावला. स्पीकर चालू होता. दत्तूमामा खूश होते. “पोचला न्हवं? कसा दिसतोय?”

“मामा, पावडर टाकली?”

“थोडीच की. आरं, परदेशात निघालाय माल, आपल्या पोराचं नाव हाय. काळा कसा धाडू? चार लोक बघतील, म्हणतील माळवाडीवाल्यांस्नी गूळ काढाय येत न्हाई.” मग जरा थांबून, “का? आवडला न्हाई व्हय तुझ्या सायबाला?”

मला वाटलं, आता चौगुले ओरडतील. ओरडायलाच पाहिजे होतं. ते म्हणाले, “आवडला, मामा. लई देखणा झालाय.” आणि फोन ठेवला.

मग मीच ओरडले. त्यांच्यावर. आजही मला ते आठवतं आणि चिडायला होतं. मी म्हणाले, चौगुले, कुणीही तपासायला येणार नाहीये. कागद झालेत. सेल्वम सगळा उचलतायत. इतकी वर्षं तुम्ही यासाठी मरमर केलीत. हाच गूळ आम्ही जन्मभर खात आलोय, मेलो नाही. हा एक जाऊ द्या, तुमचा पास होऊ द्या, पुढचा काळा आणा. कुणाला कळणार आहे?

“मॅडम,” ते म्हणाले, “तुमी म्हंताय ते खरं हाय. कुणाला बी कळणार न्हाई.” खोक्यावर छापलेल्या गावाच्या नावावरनं त्यांनी अंगठा फिरवला. “पण नमुन्यावर सही माझी हाय. आणि लिमसायब आपला माल चाखत न्हाईत. माझ्याकडं बघून घेत्यात.”

“मग आक्कांचं काय?”

त्यांनी सेफ्टी शूजची लेस सोडून परत बांधली. मग मिस्टर लिमना फोन लावला आणि आपल्या त्या मोडक्या, सरळ इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

इथल्या लॅबचा रिपोर्ट आला, पावडर प्रमाणाच्या कितीतरी वर. माल बाद. लिम वाईट वागले नाहीत. त्यांनी चौगुल्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले, आणि थायलंडला ऑर्डर दिली. मी कागद करत होते म्हणून मला माहीत, हे सगळं एकाच दुपारी झालं. चौगुल्यांचा पास पुढे वाढवायचा नाही हेही त्याच आठवड्यात ठरलं. मी लिमना जाऊन म्हणाले, ही चूक त्यांची नाही, आणि त्यांनी सांगितलं म्हणून तर तुम्हाला कळलं. लिमनी चष्मा काढला. “आय नो. गुड मॅन. बट हिज साइड, आय कॅनॉट कंट्रोल.” आणि खिडकीकडे बघितलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, म्हणून मी ते ऐकायला थांबले नाही.

माल परत पाठवायचा की नष्ट करायचा, एवढंच उरलं होतं. लिमना दोन्ही सारखंच होतं. चौगुले म्हणाले, नष्ट करा. परत पाठवला तर हाच गूळ तिकडं कुणाच्यातरी ताटात जाईल, आणि त्यावर माळवाडीचं नाव असेल.

आक्कांना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं. “सांगितलं की बाळंतपण नीट उरकून ये, गडबड करू नगं,” म्हणाले. आणि दत्तूमामांना? त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. “चाळीस वर्षं काहिलीसमोर हाय तो माणूस. त्यानं मायेनं केलंय. आता त्याला काय सांगू, तुझ्या मायेनं घाण झाली म्हणून?” मला वाटलं, सांगायला पाहिजे होतं. मला अजूनही तसंच वाटतं.

नष्ट करायच्या दिवशी कंपनीचा एक माणूस साक्षीला लागतो आणि कागदाला मी लागते. दुपारी बाराची वेळ. कचरा जाळायच्या कारखान्याच्या आवारात ऊन असं तापलेलं की डांबर बुटाला चिकटत होतं. ट्रकमधून खोकी एकामागून एक मोठ्या खड्ड्यात पडत होती. काही फुटत होती आणि आतला पिवळा गूळ उन्हात लखलखत होता. तिथं एक तरुण अधिकारी होता, मलय, हातात क्लिपबोर्ड आणि त्यावर आमचा फॉर्म. शर्ट घामानं भिजलेला. शेवटचं खोकं पडेपर्यंत चौगुले खड्ड्याच्या कठड्याशी ताठ उभे होते. खांद्यातला वाक त्या दिवशी दिसत नव्हता.

अधिकाऱ्यानं पेन काढलं. चौगुले चटकन पुढे झाले. “वन मिनिट, सर.” त्यांनी आपल्या पिशवीतून पाण्याची नवी बाटली काढून त्याला दिली. मग खिशातली डबी काढली. आत एकच खडा होता, पहिल्या कंटेनरमधला, काळा. त्यांनी डबी पुढे धरली.

“यू आर स्टँडिंग इन सन. अवर कस्टम. फर्स्ट ईट, देन वॉटर, देन साइन.”

तो पोरगा जरा गोंधळला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं खडा तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायला. मग थांबला. जिभेवर घोळवला.

“वाह,” तो म्हणाला, “सो नाइस. धिस वन डिफरंट, आह?” त्यानं खड्ड्याकडे बोट केलं.

“डिफरंट,” चौगुले म्हणाले.

त्यानं फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, एक प्रत मला दिली. मग डबीकडे बघत त्यानं विचारलं, “अंकल, धिस वन व्हेअर कॅन बाय? माय मदर शुअर लाइक.”

इतक्या दिवसांत कुणी आपणहून असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. चौगुल्यांनी डबी उलटी केली, तळहातावर आपटली. थोडा चुरा पडला, तो त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. मग रिकामी डबी लावून खिशात घातली.

“नो व्हेअर, सर,” ते म्हणाले. “सॉरी.”

आणि माझ्याकडे न बघता ते ट्रककडे चालायला लागले. मी कागद घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.